सतरावा रकाना

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या साडूंना ठसका लागला, चहा त्यांच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला आणि ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. ठेवलात? मग ऐका. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. माझ्या हातून तर जरा जास्तच होतात. पण एका सकाळी एका माणसाने सहाशे जणांची अब्रू माइकवरून पुकारावी, आणि तीही दाढी-बिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून? तो माणूस मी.

केजच्या अलीकडे आमचा दूध संघ होता, सहकारी. मी तिथे कॉम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक पंखा आणि धूळ बसू नये म्हणून यंत्रावर टाकलेलं आईचं जुनं लुगडं. घरी एक म्हैस होती, त्यामुळे नोकर असून मी संघाचा सभासदही होतो. खरा मोठा कॉम्प्युटर मात्र आमच्याकडे नव्हताच. तो शहरात एका संगणक केंद्रात होता. मेनफ्रेम म्हणायचे त्याला. खोलीभर यंत्र, त्याला गार हवा लागायची, आणि आमच्यासारख्या कितीतरी संस्थांची माहिती त्याच्या पोटात असायची. सभासदाचं नाव, बापाचं नाव, गाव, जनावरं किती, सगळं तिथे. आम्ही फॉर्म भरून पाठवायचो, तिथे ते इंग्रजी मोठ्या अक्षरांत चढवायचे, आणि छापील याद्या एस.टी.च्या पार्सलने परत यायच्या.

हे सगळं वीस वर्षं ज्यांनी सांभाळलं ते आमचे हेडक्लार्क लिंबाजी अण्णा. पांढरी टोपी, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. मी नवा लागलो तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकलो. शिकलो म्हणजे काय, ते काही सांगायला तोंड उघडायचे आणि मी म्हणायचो, "झालं म्हणून समजा, अण्णा." मग ते गप्प बसायचे. मला वाटायचं, या पोराला फार सांगावं लागत नाही याची त्यांना खात्री पटली आहे.

पुढे अण्णा रिटायर झाले आणि मांजरसुंब्याच्या रस्त्यावर त्यांचं गाव होतं, तिकडे जाऊन राहिले. त्यानंतर दोन गोष्टी आमच्यावर एकदम येऊन पडल्या. एक दुष्काळ, आणि दुसरं नवीन सॉफ्टवेअर.

दुष्काळ कसला होता ते इथल्या माणसांना सांगायला नको. बोअर आटलेले, टँकर आला की भांडणं, अर्धी गावं ऊसतोडीला गेलेली आणि मागे राहिलेली माणसं जनावरांच्या तोंडाकडे बघत बसलेली. संघाने ठरवलं की सभासदांच्या जनावरांना चारा द्यायचा. चाऱ्याची सोय झाली, पण वरून अट आली. ज्याच्या हातात नव्या सॉफ्टवेअरमधून छापलेलं कार्ड असेल, त्यालाच चारा. कार्डावर मराठीत सभासदाचं नाव आणि जनावरांचा आकडा. हाताने लिहिलेली चिठ्ठी चालणार नाही, तोंडओळख चालणार नाही. आणि ती जुनी मेनफ्रेम तर त्याच महिन्यात कायमची बंद होणार होती.

म्हणजे जुन्या यंत्रातली सगळी माहिती उचलून नव्यात न्यायची. मायग्रेशन. शब्द मोठा आहे, काम तसं घर बदलण्याचं. जुन्या फडताळातला कुठला डबा नव्या घरी कुठल्या फळीवर ठेवायचा, त्याची यादी करायची. जुन्या यंत्रात रकान्यांना नावंही नव्हती, नुसते नंबर. पहिला रकाना नाव, दुसरा बापाचं नाव, तिसरा गाव, असं करत मी सोळा रकाने नव्या घरात मांडले. माझं एकच चुकलं. घर बदलताना डबा उघडून आत काय आहे ते बघायचं असतं.

सतराव्या रकान्यापाशी मी अडलो. अण्णांच्या वहीत त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'रिकामा'. पण मायग्रेशनसाठी केंद्राने काढून दिलेल्या अख्ख्या यादीत तर तो भरलेला. बारा अक्षरांची जागा आणि जवळजवळ प्रत्येक सभासदापुढे काहीतरी लिहिलेलं. इकडे नव्या सॉफ्टवेअरमध्ये 'पदवी' नावाचा एक रकाना होता, श्री., डॉ. वगैरे लिहायला, आणि तो भरल्याशिवाय ते सॉफ्टवेअर माणसाला आतच घेत नव्हतं. आता सहाशे वेळा 'श्री.' कोण लिहीत बसणार?

मी सतरावा रकाना तपासला. हो, तपासला, उगीच आरोप नको. पहिल्या दहा सभासदांपुढे काय आहे ते नीट बोट ठेवून वाचलं. गुरुजी. सरपंच. पैलवान. फौजी. वैद्य. पुन्हा गुरुजी. मला अण्णांचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू. बिचाऱ्याने प्रत्येकाचा मान जपून ठेवला होता आणि वहीत मात्र नम्रपणे 'रिकामा' लिहिलं होतं. मी सतरावा रकाना उचलला आणि 'पदवी'त ठेवून दिला.

शहरातल्या सॉफ्टवेअरवाल्याने फोनवर विचारलं, "सगळा रकाना बघितलात ना?"

"बघितला," मी म्हणालो. दहा म्हणजे बघितल्यासारखंच की. फक्त एक गोष्ट डोक्यात आली नाही. पहिले दहा सभासद म्हणजे ज्यांनी संघ काढला ती तालुक्यातली मानाची मंडळी. त्यांच्यामागे जी पाचशे नव्वद माणसं होती ती तुमच्या-माझ्यासारखी होती.

अध्यक्ष आबासाहेब एकदा टेबलापाशी येऊन उभे राहिले. "दिगंबर, यवडं मोठं काम हाय. अण्णाला एकदा इचारून घ्यावं का? जीप पाठवतो."

"कशाला आबा, रिटायर माणसाला त्रास? झालं म्हणून समजा."

आबा म्हणाले, "बरं." आणि गेले.

वाटपाच्या दिवशी सकाळीच कार्डांचं पार्सल आलं. गावावार गठ्ठे, वर दोरी, आणि सगळ्यात वर संघ काढणाऱ्या जुन्या मंडळींची कार्डं. मांडव भरायला अजून अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात मी गठ्ठे उघडून बघू शकलो असतो. पण माइकवर नावं मीच पुकारणार होतो, म्हणून तो अर्धा तास मी दाढी केली.

संघाच्या आवारात मांडव घातला होता. पलीकडे उसाचे आणि कडब्याचे पाच ट्रक उभे होते. पुढच्या ड्रायव्हरने आल्या आल्या सांगून टाकलं होतं, "दोनला हलणार आमी. उतरलं तर उतरलं, न्हाई तर आष्टीच्या छावणीवर खाली करायचं हाय. तिकडंबी जनावरं वरडायलीत."

पहिल्या ओळीत कौसाबाई बसली होती. नवरा ज्ञानोबा ऊसतोडीला गेलेला. संघाच्या कुंपणापलीकडेच घर, घरी ही आणि तीन जनावरं. त्यातली हरणी नावाची गाय दिवस भरलेली, आज व्याली की उद्या व्याली अशी. दोन दिवस तिच्या पोटात बाभळीच्या शेंगांशिवाय काही गेलं नव्हतं.

"दिगूभाऊ, आज मिळंल ना वं? हरणी उठंना गेली सकाळपासून."

"झालं म्हणून समजा, वहिनी."

माइक हातात घेतला, फुंकून बघितला आणि पहिलं कार्ड उचललं. "गुरुजी भगवानराव दत्तात्रय!" म्हातारे गुरुजी उठले. रिटायर होऊन त्यांना जमाना झाला होता. भरल्या मांडवात आपल्याला गुरुजी म्हणून पुकारलं, त्यांचे डोळे भरून आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सरपंच झाले, पैलवान झाले. पैलवानांनी कार्ड घेताना दंडाला हात लावून दाखवला. मागून कुणीतरी म्हणालं, "लई मानाचं काम केलं संघानं." मी तर हवेतच होतो.

दहा कार्डं संपली. अकरावं आबांचं. अध्यक्षांचं नाव म्हणून मी छाती भरून श्वास घेतला आणि वाचलेलं कळायच्या आधीच पुकारलं, "घरचाहार आबासाहेब किसनराव!"

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच वर राहिले.

यातलं काय ते तुम्हाला सांगायलाच हवं. आबांना हाराची भारी हौस. काही वर्षांमागे एका गावी दूध शीतकरणाच्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि तिथल्या मंडळींनी हारच आणला नव्हता. आबा भाषणाला उठले तोवर मात्र कुठून तरी एक टपोरा झेंडूचा हार आला आणि त्यांच्या गळ्यात पडला. तो हार त्यांच्याच जीपमधून आला होता. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, आबांना आणि त्यांच्या ड्रायव्हरला. म्हणजे, आबांना तसं वाटत होतं.

आबांनी कार्ड घेतलं, चष्मा लावला, कार्ड लांब धरलं. "हे घरचाहार काय हाय रे, दिगंबर?"

मला खरंच माहीत नव्हतं. पण पहिल्या ओळीतल्या एका माणसाचे खांदे हलायला लागले होते. मी आबांच्या तोंडाकडे बघत होतो. आधी त्यांना काही कळेना, मग कळलं, आणि मग त्यांनी मान वळवून ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर जीपच्या मागे गेला.

छापण्यात काहीतरी गडबड झाली असेल म्हणून घाईघाईने मी पुढचं कार्ड उचललं. घाई झाली की माझं तोंड डोळ्यांच्या पुढे धावतं. "पातळआमटी शेषेराव मारुती!"

मांडव फुटलाच. शेषेरावने थोरल्या पोरीच्या लग्नात अख्ख्या पंचक्रोशीला जेवण घातलं होतं, आणि त्या दिवशीच्या आमटीबद्दल गावाचं एक मत होतं. ते मत इतकी वर्षं फक्त शेषेरावच्या पाठीमागे व्यक्त होत आलं होतं.

शेषेराव उभा राहिला. "कोण म्हणतं बे पातळ? पाचशे माणूस जेवलं माझ्या दारात."

"सातशे," मागून आवाज आला. "म्हणून तर पातळ."

मी गठ्ठ्याची दोरी तोडली आणि कार्डं भराभरा खालीवर केली. घरजावई. जीपपलटी. आडातपडे. फुकटपान. रडका. झोपाळू. एक गठ्ठा, मग दुसरा, मग तिसरा. सगळीकडे हेच. सहाशे कार्डं, त्यांवर संघाचा शिक्का, आणि शिक्क्याखाली 'पदवी' या सदरात गावाने ठेवलेली सहाशे नावं.

आमच्याकडची रीत अशी आहे की गाव प्रत्येकाला मागून एक नाव ठेवतं. ते नाव सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त ज्याचं असतं त्याला नसतं. तोंडावर ते कधी कुणी घेत नाही. भांडणातसुद्धा नाही. आणि मी ते माइकवर घेत होतो.

हसू ओसरलं तसं रांगेच्या डोक्यात उजेड पडला. शेजारचा पातळआमटी, अध्यक्ष घरचाहार, मग आपलं काय? बघता बघता रांग मागे सरकायला लागली. लोक उठून धोतर झटकायला लागले.

"कावून उठलात मामा? तुमचं नाव यायलंय," मी म्हणालो.

"नगं बाबा. म्हशीला बाभळ घालीन, पर त्ये कार्ड नगं."

मी एकेकाच्या मागे धावलो. एक जण म्हणाला, त्याचं जनावर काल विकलं. खोटं होतं, त्याचा बैल मांडवाच्या बाहेरच बांधलेला होता. दहा मिनिटांत माइकसमोर तेवढी कौसाबाई उरली. "माझं द्या," ती म्हणाली. "मला काय बी म्हना, पर हरणीचं द्या."

तेव्हा मला युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांवर तोवर तुमचा विश्वास उडाला असेल, पण माझा उडाला नव्हता. मी गठ्ठ्यातून तिच्या नवऱ्याचं कार्ड शोधलं, पदवीवर अंगठा ठेवला आणि नुसतंच नाव पुकारलं, "ज्ञानोबा सखाराम."

कौसाबाई पुढे आली. तिच्यामागोमाग तीन बाप्ये आले.

त्या एका गावात ज्ञानोबा सखाराम चार होते. आडनावही एकच, कारण अख्ख्या गावाचं आडनाव एकच. मी गठ्ठा चाळला तर चार कार्डं निघाली. एकावर जनावरं आठ, एकावर पाच, एकावर तीन, एकावर एक. सभासद नंबरावरून ओळखावं, तर नव्या सॉफ्टवेअरने नंबर नवे पाडलेले. जुना कुणाला पाठ नव्हता, नवा कुणी ऐकलेला नव्हता. तिघाही बाप्यांनी एकदमच आठाच्या कार्डाला हात घातला. एकाचं मुंडासं खाली पडलं, दुसऱ्याने तिसऱ्याची गचांडी धरली.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो रकाना मानासाठीही नव्हता आणि चेष्टेसाठीही नव्हता. तो काढला तर माणसंच ओळखू येत नव्हती. ठेवला तर कुणी पुढे येत नव्हतं. आणि ट्रक दोनला हलणार होते. कौसाबाई कार्डांकडे बघत उभी होती. ती रडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती बघत होती. मला माझ्या इस्त्रीच्या शर्टाची इतकी लाज वाटली, की काय सांगू.

आबांनी मांडवातूनच हाक मारली. "जीप काढा. दिगंबर, जा, अण्णाला घिऊन ये." हेच त्यांनी आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. आता ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

जीपमध्ये ड्रायव्हर आणि मी, दोघेही एकमेकांशी बोललो नाही. दोघांनाही आपापली कारणं होती.

अण्णा लिंबाखाली दोर वळत बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. सतरावा रकाना, पदवी, कार्डं, माइक. सांगता सांगता बघतो तर त्यांच्या हातातला दोर उलगडून खाली पडला होता.

"छापलंस?" ते म्हणाले.

"छापलं."

"कार्डावर?"

"कार्डावर. आणि माइकवर पण."

अण्णांनी टोपी काढली, टाळूवर हात फिरवला आणि परत टोपी घातली. "आरं लेका, एका नावाची चार-चार माणसं. एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर चढायचं आन् रोज भांडणं यायची माझ्या टेबलावर. मंग मी त्या मशीनवाल्यांकडून एक रिकामा रकाना मागून घेतला. गाव ज्या नावानं वळखतं त्ये नाव त्यात टाकलं. वळखायला. भायेर काढायला न्हाई. यादीतबी छापू नका म्हणून लिवून दिलतं त्यांना."

"अण्णा, मला एका शब्दाने तरी सांगायचं होतं."

"सांगायलाच लागलतो. पाच-सा डाव. तवा तू म्हणायचास..." तिथेच ते थांबले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

आम्ही परतलो तेव्हा एक वाजून गेला होता. पुढचा ट्रक सुरू होऊन धूर सोडत होता. मांडवाबाहेर झाडाखाली सगळी माणसं जनावरं धरून बसली होती. घरी जायला कुणी तयार नव्हतं आणि माइकजवळ यायलाही कुणी तयार नव्हतं. तिघे ज्ञानोबा तीन दिशांना तोंड करून बसले होते.

अण्णांनी माइक घेतला. इतक्या वर्षांत मी त्यांना माइकवर बघितलं नव्हतं.

"ही नावं मी भरली," ते म्हणाले. "ठेवली मातर तुमीच, एकमेकांला. आता माझं ऐका. आज कुणीबी आपलं सोताचं कार्ड घ्यायचं न्हाई. सोताचं नाव कुणाला म्हाईत न्हाई, म्हणून कुणी घेईना. पर शेजाऱ्याचं समद्यांला म्हाईत हाय. मंग ज्यानं त्यानं शेजाऱ्याचं कार्ड हुडकायचं आन् त्याच्या हातात न्हेऊन द्यायचं. चला."

पहिला शेषेराव उठला. तो टेबलापाशी आला, त्याने गावाचा गठ्ठा ओढला आणि दोन मिनिटांत त्याच्या तोंडावर असं समाधान पसरलं की पोरीच्या लग्नातही पसरलं नसेल. "घावलं! घरजावई! ओ पाव्हणं, हिकडं या, तुमचं कार्ड माझ्यापाशी हाय."

झालं, धरणाचं दार उघडल्यासारखी माणसं टेबलावर आली. स्वतःसाठी जी पावलं मागे सरत होती तीच शेजाऱ्यासाठी पळत होती. कुणी जीपपलटीला हाका मारत होतं, कुणी आडातपडेला कार्डासकट मिठी मारत होतं. ज्याला मिळालं तो आधी ओशाळायचा, मग देणाऱ्याचं कार्ड शोधायला पळायचा, कारण आता त्याला फेड करायची होती. मी टेबलाच्या एका कोपऱ्यात दाबून गेलो होतो आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीचं बटण कुणाच्या तरी हातात गेलं.

चौघा ज्ञानोबांची कार्डं तर बसल्या जागी सुटली. आठ जनावरांचा झोपाळू निघाला, पाचाचा रडका, एकाचा फुकटपान. कोण कुठला याबद्दल गावात एकाही माणसाला शंका नव्हती. तीन जनावरांचं कार्ड कौसाबाईच्या शेजारणीने आणलं. कौसाबाईला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय, दिगूभाऊ?"

मी घुटमळलो. नवरा ऊसतोडीला गेलेला, बाई एकटी, आणि हे वाचायचं? "बायकोऐक्या," मी हळूच म्हणालो.

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता ही रडते. ती हसत होती. "ह्यात खोटं काय हाय?" ती म्हणाली. "ऐकतो म्हणून तर घर चाललंय. त्यो आला की चौकटीत लावते ह्ये." आणि कार्ड कनवटीला खोचून ती ट्रककडे धावली. पहिली उसाची मोळी तिने स्वतःच्या डोक्यावर घेतली. ऊन डोक्यावर होतं, तरी तिने वाटेत एकदाही मोळी खाली ठेवली नाही. हरणीसमोर नेऊन टाकली तेव्हाच ती थांबली. हरणी आधी नुसती हुंगत राहिली, मग तिने एक कांडं तोंडात घेतलं. मला इकडे रडू आलं, खोटं कशाला सांगू.

दोनच्या आत पाचही ट्रक रिकामे झाले. आबा उठले, जीपकडे गेले आणि जीपमधून झेंडूचा टपोरा हार घेऊन आले. तो कुणासाठी आणला होता ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनी तो अण्णांच्या गळ्यात घातला आणि माइकवर म्हणाले, "घरचाच हाय." आबांसाठी त्या दिवशी जेवढ्या टाळ्या वाजल्या तेवढ्या कुठल्याच उद्घाटनात वाजल्या नसतील.

मी जरा बाजूला होऊन कपाळाचा घाम पुसत होतो. चला, निभावलं. तेवढ्यात अण्णांनी टेबलावरून एक कार्ड उचललं. गठ्ठ्याच्या अगदी तळाशी राहिलेलं. कार्डावर जनावरं एक, म्हैस.

अण्णा म्हणाले, "एक ऱ्हायलं. हे कुणाचं हाय, वळखतं का कुणी?"

त्यांनी ते पहिल्या ओळीला दाखवलं. मग दुसऱ्या. शेषेराव मान ताणून वाचायला आला, आणि त्याच्या तोंडावर पुन्हा तेच समाधान पसरलं. एकेक करत सगळ्या मांडवाचे हात वर झाले. शेजारी एक असतो, फार तर दोन. माझं कार्ड मला द्यायला सहाशे शेजारी पुढे आले होते.

शेवटी शेषेरावनेच ते आणून माझ्या हातात दिलं. मोठ्या अदबीने, दोन्ही हातांनी. वर संघाचा शिक्का होता, खाली नाव होतं आणि नावाआधी पदवी होती. 'झालंसमजा दिगंबर रंगनाथ.'

मी नोकरीला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात अण्णांनी ते भरलं होतं. दहा वर्षं ते त्या मेनफ्रेमच्या पोटात होतं. पहिले दहा सभासद तपासण्यापेक्षा मी एक माझंच नाव काढून बघितलं असतं, तर त्या सतराव्या रकान्यात काय आहे ते मला घरबसल्या कळलं असतं.

मी अण्णांकडे बघितलं. ते कानावरची पेन्सिल नीट करत होते.

"चल, झालं ते झालं," आबा म्हणाले. माइक अजून त्यांच्याच हातात होता. "आता पदवी काढून ही कार्डं परत छापायला लागतील. आन् सतरावा रकाना आत नीट झाकून ठेवायला लागंल. काय दिगंबर, कवा करतोस?"

मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडातून एक अक्षर निघायच्या आत, बायाबापड्यांसकट, गुरुजींसकट, जीपमागे लपलेल्या ड्रायव्हरसकट, अख्ख्या मांडवाने एका सुरात माझं उत्तर देऊन टाकलं.